नागरी संरक्षणात बायकांच्या वाट्याला चूल का आली?

प्रश्न एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा आहे. ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झालं, त्यानंतर तिने नागरी संरक्षणाचा प्राथमिक वर्ग केला. वर्गात मुलांना दोर, शिडी आणि पंप मिळाला. मुलींना बँडेज, नोंदणीची वही आणि चहा-नाश्त्याची व्यवस्था. पुढे तिच्या पाहण्यात १९५० च्या दशकातली अमेरिकन आणि ब्रिटिश पत्रकं आली. त्यातही बाई फडताळासमोर डबे मोजताना दिसते आणि पुरुष हेल्मेट घालून ढिगाऱ्यावर उभा. तिने विचारलं आहे : "ही वाटणी तेव्हापासूनची आहे का? आणि त्या बायकांनी खरंच काही केलं, की त्यांना नुसतं गुंतवून ठेवलं होतं? आणि मी आता काय करावं?"

मी पस्तीसेक वर्षं या कामात आहे, आधी मानसेवी वॉर्डन, म्हणजे आपल्या वस्तीची जबाबदारी घेणारी स्वयंसेवक, म्हणून आणि नंतर प्रशिक्षक म्हणून. हा प्रश्न माझाही आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी सरळ सांगते. वाटणी अणुबॉम्बच्या आधीपासूनची आहे, पण अणुयुगाच्या पहिल्या पंधरा वर्षांत ती पक्की झाली. त्या बायकांनी केलेलं काम खरं होतं आणि खूप मोठं होतं. नागरी संरक्षणाचा बराचसा भार त्या कामावरच होता. त्याला 'साहाय्यक' म्हटलं गेलं, कारण ते बायका करत होत्या आणि फुकट करत होत्या.

अमेरिकेपासून सुरू करते, कारण तिथे हे सगळं कागदावर उघड दिसतं. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने पहिली अणुचाचणी केली. १ डिसेंबर १९५० ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी संघीय नागरी संरक्षण प्रशासन स्थापन केलं आणि जानेवारी १९५१ मध्ये त्याचा कायदा झाला. या नव्या खात्यासाठी सुरुवातीलाच सुमारे ४० कोटी डॉलर मागितले गेले. तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मंजूर केले सव्वातीन कोटींच्याही आत. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली या आकड्यात आहे. सार्वजनिक आश्रयस्थानं बांधायला पैसा नाही म्हटल्यावर धोरण असं ठरलं की ज्याने त्याने आपापलं घर सांभाळावं. आणि घर सांभाळायचं कुणी, हे कुणाला विचारायची गरजच पडली नाही.

दुसरं कारण घड्याळाचं होतं. उपनगरांत राहणारा नोकरदार पुरुष सकाळी शहरात जायचा, आणि बॉम्ब पडला तर तो शहराच्या मध्यावर पडणार हे गृहीत होतं. म्हणजे दिवसाढवळ्या हल्ला झाला तर घरी, गल्लीत, शाळेच्या आसपास कोण असणार? बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. बायकांना भरती करण्याची गरज अधिकाऱ्यांना अशी आकडेमोडीतून कळली. ही गोष्ट मी दरवेळी वर्गात सांगते, कारण आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायट्यांतही दुपारी दोन वाजता हेच चित्र असतं.

मग प्रचार सुरू झाला. आयझेनहॉवर सत्तेवर आल्यावर कॅथरिन हॉवर्ड या रिपब्लिकन पक्षाच्या नेत्या या खात्यात वरच्या पदावर आल्या. बायकांपर्यंत नागरी संरक्षण कसं पोचवायचं, हे त्यांनी मनावर घेतलं. त्यांच्या पुढाकारातून एक मोहीम निघाली. 'आजीची कोठी नेहमी तयार असे, तुमची आहे का?' असा तिचा सूर होता. डबाबंद अन्न, बाटल्यांत भरलेलं पाणी, प्रथमोपचाराची पेटी, टॉर्च, बॅटरीवर चालणारा रेडिओ, सगळं एका फडताळात मांडून ठेवायचं. प्रदर्शनांत अशी फडताळं उभी करून दाखवत. किराणा व्यापाऱ्यांची संघटनाही त्यात होती.

आता हे वाचून आपल्याला काही फार नवं वाटत नाही. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून ठेवणारी, पापड-कुरडयांचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या ओळीने लावणारी आजी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. साठवण हे ज्ञान आहे आणि आपत्तीत ते उपयोगी पडतं, याबद्दल मला तीळभर शंका नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हायड्रोजन बॉम्बसमोर फडताळ पुरेसं नाही हे खात्यातल्या जाणकारांना ठाऊक होतं. तरीही पुरेसं नसल्याची जबाबदारी हळूच त्या फडताळाच्या मालकिणीवर सरकली. उद्या मुलं उपाशी राहिली तर दोष कुणाचा? जिने डबे भरले नाहीत तिचा.

याचं टोक म्हणजे १९५४ साली निघालेली एक छोटी चित्रफीत. रंग बनवणाऱ्यांच्या संघटनेशी जोडलेल्या एका संस्थेचा तिच्यात हात होता. नेवाडा राज्यातल्या अणुचाचणीच्या मैदानात तीन छोटी घरं उभी केली. दोन कळकट, आसपास कचरा आणि वाळकं गवत. मधलं स्वच्छ, पांढऱ्या रंगाने रंगवलेलं. स्फोटाच्या उष्णतेने दोन पेटली, मधलं टिकलं. यातलं भौतिकशास्त्र खोटं नाही. पांढरा रंग उष्णता परत फेकतो आणि कचरा लवकर पेट घेतो, हे आम्हीही गृह अग्निशमनाच्या पहिल्याच तासाला शिकवतो. पण पाहणाऱ्या बाईच्या मनात जे उरलं ते असं की अंगण झाडलं नाहीस तर घर जळेल. झाडलोट आता राष्ट्ररक्षण झाली आणि केर राहणं हा गुन्हा.

हॉवर्ड यांच्यानंतर महिलाविषयक कामाची सूत्रं जीन वुड फुलर यांच्याकडे आली. त्यांची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ५ मे १९५५ ला नेवाडात २९ किलोटनचा एक बॉम्ब मनोऱ्यावर फोडला गेला. वाऱ्याची दिशा ठीक नव्हती म्हणून चाचणी अनेक दिवस पुढे ढकलत नेली होती. मैदानात खरी घरं बांधली होती, आत फर्निचर, फडताळात डबे, आणि कपडे घातलेले पुतळे : आई, बाप, मुलं. स्फोटापासून सुमारे साडेतीन हजार यार्डांवर, म्हणजे तीन किलोमीटरच्या आसपास, खंदकात स्वयंसेवक बसले होते. त्यात फुलर होत्या. जमीन हादरली, धुळीचा लोट डोक्यावरून गेला, आणि त्या खंदकातून बाहेर आल्या. अणुस्फोटाचा धक्का आणि ताण बाई पुरुषाइतकाच सहन करू शकते हे आता सिद्ध झालं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

त्याच कार्यक्रमात आणखी एक प्रयोग होता, सामूहिक भोजनाचा. आपत्तीत शेकडो माणसांना उघड्यावर कसं जेवू घालायचं, याचा सराव स्वयंसेवकांनी त्याच वाळवंटात केला. स्फोटात सापडलेलं डबाबंद अन्न खाण्याजोगं राहतं का, हेही तिथेच तपासलं गेलं. एकाच मैदानात एक बाई खंदकात बसून आपली छाती किती मजबूत आहे ते दाखवत होती आणि शेजारी चुली पेटत होत्या. फुलर यांनी खंदकात जाऊन जे सिद्ध केलं त्याने खात्यातली कामाची वाटणी बदलली का? नाही. त्या परत आल्या आणि पुन्हा फडताळांच्या, गृहशुश्रूषेच्या मोहिमा चालवू लागल्या. धैर्याचा पुरावा मागितला तेव्हा बाईने दिला. निर्णयाच्या खुर्च्यांवर मात्र बहुतेक पुरुषच राहिले. स्थानिक पातळीवरचे संचालकही बहुधा पुरुष, त्यांत निवृत्त लष्करी अधिकारी पुष्कळ.

इथे एका कामाबद्दल थांबून लिहायला हवं, कारण त्याबद्दल फार कमी बोललं जातं. १४ जुलै १९५२ पासून अमेरिकेत आकाशावर चोवीस तास पहारा सुरू झाला. रडारला खालून उडणारं विमान सापडेलच असं नव्हतं. म्हणून गच्च्यांवर, टेकड्यांवर, धान्याच्या कोठारांवर छोट्या चौक्या उभ्या राहिल्या. दुर्बीण, टेलिफोन आणि नोंदवही, एवढीच सामग्री. विमान दिसलं की फोन उचलायचा आणि ठरलेले शब्द म्हणायचे : 'एअरक्राफ्ट फ्लॅश'. मग विमानं किती, इंजिनं किती, उंची किती, कुठून कुठे चाललं. ही खबर एका केंद्रात जायची आणि तिथे मोठ्या टेबलावर पसरलेल्या नकाशावर सोंगट्या सरकवल्या जायच्या. ऐन भरात असताना या कामात सुमारे चार लाख स्वयंसेवक होते, आणि चौक्यांवरच्या दिवसाच्या पाळ्या व नकाशाचं टेबल यांत बायकांचा वाटा फार मोठा होता. जानेवारी १९५९ अखेर हे दल बंद झालं, कारण रडारची साखळी पुरी झाली.

मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण इथे घरकामाचा संबंधच नव्हता. चार तास आकाशाकडे डोळे लावून बसणं, आवाजावरून इंजिनं ओळखणं, चूक न करता खबर देणं, हे निव्वळ लष्करी निरीक्षण झालं. बायकांनी ते वर्षानुवर्षं बिनबोभाट केलं. पण पत्रकांवर चित्र कुणाचं? ॲप्रन घातलेल्या बाईचं.

घबराटीबद्दलही बोलायला हवं. खात्याचे तेव्हाचे प्रमुख व्हॅल पीटरसन यांनी १९५३ मध्ये एका लोकप्रिय नियतकालिकात लिहिलं होतं की बॉम्बपेक्षाही घबराट हे अधिक घातक शस्त्र ठरू शकेल. त्या काळच्या बोलण्यात घाबरणारी व्यक्ती म्हणजे बहुधा बाई. आईने शांत राहावं, म्हणजे मुलं शांत राहतील आणि देश शांत राहील, हे सतत सांगितलं जाई. आणि त्याच दशकात अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ प्रत्यक्ष वादळं, स्फोट, पूर यांचा अभ्यास करून सांगत होते की लोक सैरावैरा पळत सुटले असं क्वचितच घडतं. लोक आधी आपल्या माणसांना शोधतात, शेजाऱ्याला हात देतात. माझाही अनुभव हाच. इतक्या वर्षांत आगी, कोसळलेल्या इमारती, तुंबलेलं पाणी असं बरंच पाहिलं. बाई घाबरून गेली म्हणून काम अडलं असं एकदाही झालं नाही. कोण कुठल्या खोलीत झोपतं हे सांगणारं कुणी सापडलं नाही म्हणून मात्र काम अडलं आहे.

ब्रिटनची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे बायकांची स्वतःची मोठी संघटना होती. १९३८ मध्ये गृहमंत्री सॅम्युएल होअर यांच्या विनंतीवरून लेडी रीडिंग यांनी डब्ल्यू.व्ही.एस., म्हणजे महिला स्वयंसेवा संघटना, उभी केली. या स्टेला रीडिंग लग्नाआधी दिल्लीत व्हाइसरॉयच्या पत्नीच्या कार्यालयात सचिव होत्या. पुढे त्याच व्हाइसरॉय रीडिंग यांच्याशी, त्यांची पत्नी वारल्यावर, त्यांचं लग्न झालं. माणसं, पत्रव्यवहार, समारंभ यांचा डोलारा सांभाळायचं शिक्षण त्यांना हिंदुस्थानात मिळालं असं म्हणायला हरकत नाही. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा त्यांच्या हिरव्या गणवेशातल्या बायकांनी मुलांना गावी पोचवलं, बेघरांना कपडे दिले, आग विझवणाऱ्यांना चहा पाजला.

युद्ध संपलं तरी संघटना संपली नाही. १९४८ चा नागरी संरक्षण कायदा आला, १९४९ मध्ये नागरी संरक्षण दल उभं राहिलं. दलाचे विभाग होते : मुख्यालय, वॉर्डन, विमोचन (म्हणजे अडकलेल्यांना ढिगाऱ्यातून सोडवणं), रुग्णवाहिका, कल्याण. कल्याण विभागाची भिस्त डब्ल्यू.व्ही.एस. वर होती. बेघर झालेल्यांची नोंद, त्यांना राहायला जागा, अन्न, कपडे, ताटातूट झालेल्यांचा शोध, सगळं त्यात येई. एकट्यादुकट्या बॉम्बचा प्रश्न असेल तर विमोचनाचं काम काही दिवसांत आटोपतं. लाखो माणसं घर सोडून निघाली तर हे कल्याणचं काम महिनोन्‌महिने चालतं. आकाराने पाहिलं तर हाच सगळ्यात मोठा विभाग ठरायला हवा. मानाच्या क्रमात तो शेवटी आला.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर डब्ल्यू.व्ही.एस. ने एक योजना काढली, 'पाचातली एक'. देशातल्या दर पाच बायकांपैकी एकीपर्यंत पोचायचं आणि हायड्रोजन बॉम्ब, किरणोत्सारी धूळ, घरातल्या घरात आजाऱ्याची काळजी यांबद्दल सोप्या भाषेत सांगायचं. व्याख्याती कारखान्यात, गावच्या सभागृहात, कुणाच्या बैठकीच्या खोलीतही जात असे. शिवाय विटा आणि माती वापरून ढिगाऱ्यातूनच चूल आणि भट्टी कशी बांधायची, याचे वर्ग. बाई गुडघ्यावर बसून विटा रचते आहे, चिखल लिंपते आहे, असे त्या काळचे फोटो आहेत. हे बघताना मला आपल्याकडच्या लग्नात मांडवामागे तीन तासांत चुलाण उभं करणाऱ्या बायका आठवतात. हजार माणसांना दोन वेळा जेवू घालण्याचं नियोजन पाणी, सरपण, भांडी, वाढपी, उष्टं-खरकटं इथपर्यंत डोक्यात असावं लागतं. कुठल्याही आपत्ती व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला शोभेल असं ते ज्ञान आहे.

पण एप्रिल १९५४ मध्ये कोव्हेंट्री शहराच्या नगरपालिकेने आपली नागरी संरक्षण समितीच बंद करायचं ठरवलं. हायड्रोजन बॉम्बपुढे हे सगळं व्यर्थ आहे, असं त्यांचं म्हणणं. युद्धात भाजून निघालेल्या शहराचं हे म्हणणं हलक्याने घेण्यासारखं नव्हतं. अखेर १९६८ मध्ये ब्रिटनचं नागरी संरक्षण दल विसर्जित झालं. डब्ल्यू.व्ही.एस. मात्र टिकली, कारण तिचं काम बॉम्बवर अवलंबून नव्हतं. पूर, रेल्वे अपघात, वृद्धांना घरपोच जेवण, हे चालूच राहिलं. मला हा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो.

आता विरोधाची बाजू. याशिवाय उत्तर अर्धवट राहील.

अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या मध्यापासून दरवर्षी 'ऑपरेशन अलर्ट' नावाची देशव्यापी कवायत होत असे. भोंगा वाजला की रस्त्यावरच्या सगळ्यांनी आडोशाला जायचं. न्यूयॉर्क राज्यात न जाणं हा गुन्हा होता. १९५५ मध्ये शांततावादी कार्यकर्त्या डोरोथी डे आणि त्यांचे सहकारी न्यूयॉर्क शहराच्या सिटी हॉलच्या बागेत बसून राहिले, अटक झाली. पुढची काही वर्षं हा थोड्या लोकांचा विरोध राहिला. मग १९५९ मध्ये मेरी शारमॅट आणि जॅनिस स्मिथ या दोन तरुण आया, एकमेकींना ओळखत नसताना, आपापल्या मुलांना घेऊन शहरात दोन वेगळ्या ठिकाणी बाहेरच थांबल्या. नंतर त्यांची गाठ पडली. ३ मे १९६० ला त्याच बागेत सुमारे ५०० माणसं जमली. त्यांत बाबागाड्या, खेळणी आणि मुलांना ठेवायची लाकडी कुंपणं घेऊन आलेल्या आया पुष्कळ होत्या. पोलिसांना प्रश्न पडला : कडेवर मूल असलेल्या बाईला गाडीत कसं कोंबायचं? पुढच्या वर्षी गर्दी कितीतरी वाढली आणि १९६२ पासून ही कवायत झालीच नाही.

नीट पाहा काय झालं ते. दहा वर्षं सरकार सांगत होतं की आई म्हणून मुलांचं रक्षण ही तुमची जबाबदारी. त्या आयांनी ती जबाबदारी शब्दशः घेतली आणि म्हणाल्या, मग आम्हाला हा भोंगा नको, अणुचाचण्या थांबवा.

सेंट लुईसमध्ये याच भावनेला विज्ञानाची जोड मिळाली. चाचण्यांच्या धुळीतलं स्ट्रॉन्शियम-९० गवतावर पडतं, गाय ते खाते, दुधातून मुलाच्या शरीरात जातं आणि कॅल्शियमसारखं वागून हाडांत व दातांत बसतं. डिसेंबर १९५८ पासून डॉ. लुईस रीस यांच्या नेतृत्वाखाली मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात झाली. दात पाठवणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे. आया दात पाकिटात घालत. मूल कुठे जन्मलं, बाटलीचं दूध प्यालं की आईचं, हे कार्डावर लिहीत. आणि ती कार्डं लावण्याचं कंटाळवाणं काम स्वयंसेवक बायका करत. १९७० पर्यंत सुमारे तीन लाख वीस हजार दात जमले. १९५० च्या सुमारास जन्मलेल्या मुलांपेक्षा पुढे चाचण्यांच्या भरात जन्मलेल्यांच्या दातांत स्ट्रॉन्शियम कितीतरी जास्त सापडलं. १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी करारामागे जे जनमत उभं राहिलं त्यात या दातांचा वाटा आहे. गृहिणीची नोंदवही इतक्या लांब पोचू शकते.

जपानमध्येही असंच. महायुद्धात शेजारगटांतल्या बायकांकडून बादल्यांची साखळी करून बॉम्बच्या आगी विझवायच्या कवायती करून घेतल्या होत्या. १९५४ मध्ये पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवरच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख जपानी मच्छीमारांच्या बोटीवर पडली. मासळी घ्यायची की नाही हा प्रश्न बायकांपुढे उभा राहिला, आणि टोकियोच्या सुगिनामी भागात बायकांच्या वाचनगटांनी हायड्रोजन बॉम्बविरुद्ध सह्या गोळा करायला मोठा हातभार लावला. वर्षा-दीड वर्षात देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या.

या सगळ्या चित्रात कोण नव्हतं, तेही सांगायला हवं. अमेरिकन पत्रकांतली बाई गोरी, स्वतःचं घर, तळघर आणि फडताळ असलेली. खात्याचे पहिले प्रमुख मिलार्ड कॉल्डवेल वंशभेदाचे समर्थक होते आणि त्यांच्या नेमणुकीला कृष्णवर्णीयांच्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेने हरकत घेतली होती. भाड्याच्या दोन खोल्यांत राहून दुसऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बाईने आठवड्याचा साठा कशात करायचा होता? तिच्यासाठी पत्रकात पानच नव्हतं.

पुरुषांवरही या वाटणीचा भार पडलाच. बापाने परसात खड्डा खणून आश्रयस्थान बांधावं, अशी १९५९ नंतर अपेक्षा तयार झाली. जुलै १९६१ मध्ये केनेडी यांच्या बर्लिनवरच्या भाषणानंतर तिने जोर धरला. ज्याच्याकडे जागा वा पैसा नाही तो बाप कमी पडला, असा अर्थ आपोआप निघू लागला.

आता आपल्याकडे येते. आपली नागरी संरक्षणाची रचना ब्रिटिशांच्या हवाई हल्ला प्रतिबंधक व्यवस्थेतून आली. आपत्ती मदत शिकवणारी केंद्रीय संस्था २९ एप्रिल १९५७ ला नागपुरात सुरू झाली, आणि १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा आला तेव्हा तीच राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. वॉर्डन, विमोचन, प्रथमोपचार, कल्याण हे आपले शब्द त्याच घराण्यातले. त्यांच्याबरोबर कुणी काय करायचं याच्या सवयीही आल्या. कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही की बाईने दोर धरू नये. ते फक्त मैदानावर ठरतं.

डिसेंबर १९७१ चं मला आठवतं. मी नऊ वर्षांची होते, गिरगावात चाळीत राहत होतो. आई गव्हाच्या पिठाची खळ करून खिडकीच्या काचांना खाकी कागद चिकटवत होती. बोटांना खळ, पदर खोचलेला. संध्याकाळी वॉर्डनकाका जिन्यावरून ओरडत आले, "तिसरा मजला, दिवा!" आणि मग आमच्या दारात थांबले. आई त्यांना सांगू लागली : सात नंबरातल्या आजोबांना दिसत नाही, त्यांना भोंगा झाला की मी खाली आणीन. अकरा नंबरच्या वहिनींना आठवा महिना आहे. कोपऱ्यातल्या खोलीत पोरं एकटीच असतात, आईबाप दोघंही पाळीला जातात. काका टॉर्चला निळा कागद लावून त्या उजेडात वहीत लिहून घेत होते. वॉर्डनचा बिल्ला काकांच्या छातीवर होता आणि चाळीची माहिती आईच्या डोक्यात. काका चांगले होते, मला त्यांच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. पण त्या वहीत आईचं नाव कुठेच नव्हतं.

माझ्या पहिल्या प्रशिक्षण वर्गातही तसंच झालं. स्टिरप पंप, म्हणजे बादलीतलं पाणी आगीवर मारायचा हातपंप, तिघांचं काम आहे : एकाने पाय पट्टीवर रोवून दट्ट्या मारायचा, दुसऱ्याने जमिनीलगत सरपटत नोझल आगीवर धरायचं, तिसऱ्याने बादलीत पाणी कमी पडू द्यायचं नाही. आम्हा बायकांना फक्त पाणी आणायला लावलं. मी विचारलं तर प्रशिक्षक म्हणाले, "तुम्हाला कशाला त्रास?" त्यांना खरंच काळजी वाटत होती. पण पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या पन्नास पावलं पळवणं हे त्या तिघांतलं सगळ्यात जड काम आहे, हे त्या मैदानावर कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून मी प्रशिक्षक झाल्यावर एकच नियम केला. प्रत्येकाने प्रत्येक जागी उभं राहायचं. दर तीन मिनिटांनी शिट्टी, शिट्टी झाली की जागा बदल. बोलाईन, म्हणजे दोराची न सरकणारी गाठ, सगळ्यांनी मारायची आणि तिच्यावर स्वतःचं वजन टाकून बघायचं. नोंदणीच्या टेबलावरही सगळ्यांनी बसायचं. इथे मुलगे पहिल्यांदा गडबडतात. रडणारी म्हातारी नाव सांगत नाही, गावाचं नाव सांगते. एकाच आडनावाचे चौघे येतात. हरवलेल्या मुलाचं वय आई एक सांगते, मावशी दुसरं. तिथे चूक झाली तर ढिगाऱ्यात माणूस शिल्लक असताना शोध थांबतो, किंवा कुणीच नाही तिथे विमोचन दल तासभर खणत राहतं. हे एकदा कळलं की त्या टेबलाला कुणी हलकं काम म्हणत नाही.

तुम्ही विचारलं आहे की तुम्ही काय करावं. तुमच्या केंद्रप्रमुखांना दोन गोष्टी सांगा, नम्रपणे पण लेखी. एक, कल्याण आणि नोंदणी यांचा वेगळा तास ठेवा आणि तो मुलामुलींना एकत्र घ्या. दोन, वॉर्डनच्या नेमणुकीसाठी नावं सुचवताना इमारतीत दुपारी कोण असतं, आजारी माणसं कुणाला माहीत आहेत, किल्ल्या कुणाकडे असतात, हे आधी विचारा. बहुतेक वेळा उत्तरात एखाद्या काकूंचं नाव येईल. त्यांना बिल्ला द्या.

आणि पुढच्या वर्गात पंप मैदानावर आला की नोझल घ्यायला पुढे व्हा. कोपर जमिनीला टेकवा, मान खाली ठेवा, धूर छातीत जाऊ देऊ नका. पाणी आणायला जो मुलगा उभा राहील त्याला आधीच सांगा, बादली पाऊण भरूनच आण. काठोकाठ भरलेली पळताना निम्मी सांडते.